दोन पासपोर्टांचा संसार

मी किस्से गोळा करायला बसलेली बाई नाही. बारामतीत तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड, पासपोर्ट, असलं सगळं. पण गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या भागातली पोरं-पोरी जगभर गेली, तिकडं कुणाच्या तरी प्रेमात पडली, लग्नं करून मोकळी झाली, आणि त्या लग्नांचे कागद करायला घरची माणसं माझ्याकडं यायला लागली! नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची, आणि मध्ये मी आणि माझा प्रिंटर.

व्हिसाच्या फॉर्मात प्रश्नच असे असतात की उत्तर देता देता माणूस घरातलं सगळं सांगून टाकतो. कुठं भेटलात, कधी भेटलात, कोण आधी बोललं! मी नुसतं टाइप करते. किस्से आपले आपण साठत जातात. परवा एकीनं विचारलं, "ताई, तेच तेच भरून कंटाळा येत नाही?" अहो, कंटाळा कसला! पुढचं कोण येतंय आणि काय सांगतंय, याचीच मला उत्सुकता असते.

माझ्या दुकानाच्या पायरीला लागून काळेकाकांचं टेबल आहे. काळेकाका म्हणजे वकील आणि नोटरी. वय सत्तरच्या पुढं, मे महिन्यातही काळा कोट अंगावर. माझ्या दुकानातलं बोलणं त्यांना सगळं ऐकू जातं. ऐकू गेलं नाही तर ते खुर्ची सरकवून घेतात.

* * *

कळंबची अश्विनी आली होती. नवरा मूळचा अकलूजकडचा, पण शिकायला इंग्लंडला गेला आणि तिथलाच नागरिक झाला. लग्न झाल्यावर तो परत गेला आणि हिचा व्हिसा करायचा होता. त्यात एक भानगड असते. लग्न खरं आहे, नुसतं कागदावरचं नाही, हे पटवून द्यावं लागतं. त्यासाठी दोघांमधले मेसेजही जोडतात.

मी म्हटलं, "चॅट काढून आण. खासगी काही असेल तर ते वगळ."

तिनं चॅट आणलं. मी वाचायला लागले.

"जेवलीस का?" "हो. तू?" "हो."

दुसरा दिवस. "जेवलास का?" "अजून नाही." "का?" "भूक नाही." "असं कसं? जेव."

पानामागून पान तेच! आठ महिने दोघं एकमेकांना जेवलात का, एवढंच विचारत होती. मध्येच एकदा त्यानं विचारलं होतं, "विहिरीवरची मोटर दुरुस्त झाली का?" त्यावर हिनं होकाराच्या अंगठ्याचं चित्र टाकलं होतं.

मी पानं खाली ठेवली. म्हटलं, "अश्विनी, काहीतरी प्रेमाचं नाही का गं यात? तो व्हिसाचा साहेब वाचणार आहे."

ती लाजून म्हणाली, "ताई, वगळण्यासारखं काहीच नव्हतं. सगळं आणलंय."

शेवटी मी तेच इंग्रजीत उतरवून दिलं. दर पानावर 'हॅव यू ईटन', 'हॅव यू ईटन'! काळेकाकांनी कागद हातात घेतले, चष्म्यातून चार पानं चाळली आणि म्हणाले, "वैशाली, बिनघोर पाठव. माझ्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. आमचं चॅट काढलं तर यातलं निम्मंसुद्धा निघायचं न्हाय!"

व्हिसा पहिल्या फटक्यात आला.

* * *

सणसरच्या तात्यांची प्राजक्ता. तिचा नवरा अमेरिकेचा नागरिक. सगळे कागद गेले, तारीख आली. मी तात्यांना फोन करून सांगितलं, "तात्या, प्राजक्ताची मुंबईला वकिलातीत मुलाखत आहे. सोमवारी."

"बरं बरं," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी तात्या थेट माझ्या पायरीशी हजर. पण माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. काळेकाकांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, सोमवारी मुंबईला यायचं. गाडी सांगितलीय."

"मुंबईला? कशाला?"

"पोरीची वकिलात हाय न्हवं! वकिलाबिगर कसं जायचं?"

मी समजावून सांगितलं. वकिलात म्हणजे दुसऱ्या देशाचं ऑफिस, तिथं वकील लागत नाही, आत फक्त प्राजक्ता जाणार. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय, समजलं. पर पलीकडून त्येंचा वकील निघाला तर? आपला असलेला बरा."

गंमत म्हणजे काळेकाका तयार झाले! मला हळूच म्हणाले, "बघून तरी येतो. जन्मभर वकिली केली, वकिलात काय बघितली न्हाय."

सोमवारी तिघं तिथं पोचली. प्राजक्ता रांगेत लागली तर समजलं, आत मोबाईल नेता येत नाही. रांगेतल्या कितीतरी लोकांची पंचाईत झाली. एका बाईनं इकडं-तिकडं बघितलं. फुटपाथवर काळा कोट घातलेला एक म्हातारा सभ्य माणूस उभा. तिनं विचारलं, "साहेब, तुम्ही वकील ना? जरा माझा फोन सांभाळाल?" तिच्यामागून दुसरी. मग तिसरा. काकांनी शेवटी वही काढली, प्रत्येकाचं नाव लिहून चिठ्ठी करून फोनला रबरानं बांधायला लागले. तात्या रबर पुरवत होते. दोघांनी दुपारपर्यंत तेवढंच काम केलं.

संध्याकाळी मला फोन आला. मी विचारलं, "काका, प्राजक्ताचं काय झालं?"

"झालं, झालं, तिचं काम झालं. पण वैशाली, एका दिवसात एवढे अशील मला उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते!"

* * *

प्राजक्ताच्याच मुलाखतीचं आणखी एक राहिलं.

लग्नाचे फोटो जोडताना मी प्रत्येक फोटोखाली कोण कोण आहे ते लिहून देते. प्राजक्ताच्या लग्नाचे फोटो घेऊन बसलो. मामा, मावशी, करवली, सगळी नावं लागली. पण गुलाबी फेट्यातला एक माणूस कुणालाच ओळखू येईना. एका फोटोत तो नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून उभा. दुसऱ्यात जेवायला तात्यांच्या शेजारी. तिसऱ्यात अक्षता टाकताना सगळ्यात पुढं!

तात्या म्हणाले, "पोराकडचा आसंल." अमेरिकेला फोन लावला. नवरदेव म्हणाला, "मला वाटलं तुमच्याकडचा. मला तर 'जावईबापू' म्हणत होता."

फोटो काढून टाकावेत तर चांगले फोटो तेवढेच. बाकीच्यात कुणाचे डोळे मिटलेले, कुठं आशीर्वाद देणाऱ्या पुढाऱ्याच्या आड नवरा-बायको गायब. तेच पाठवले.

मुलाखतीत साहेबानं नेमकं फेट्यावर बोट ठेवलं. "हे कोण?"

प्राजक्तानं एक क्षण विचार केला आणि खरं ते सांगितलं, "माहीत नाही, सर. आमच्याकडं लग्नात असा एक तरी माणूस असतोच."

तो साहेब एवढा हसला म्हणे, की शेजारच्या खिडकीतली बाई वाकून बघायला लागली. आणि म्हणाला, "आता माझी खात्री पटली. खोटं लग्न असतं तर याचंसुद्धा नाव लिहून आणलं असतं."

* * *

बारामतीत मोमोजची गाडी लावणारा एक नेपाळी पोरगा आहे, बिष्णू. मराठी फक्कड बोलतो. त्यानं इथल्याच एका मुलीशी लग्न ठरवलं. एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आला. म्हणाला, "ताई, लग्न करतोय. व्हिसाचं काय काय लागतं सांगा."

मी म्हटलं, "तू नेपाळचा. तुला व्हिसा लागत नाही. आपलं ओळखपत्र असलं की झालं."

त्याला आनंद व्हायला पाहिजे होता. तर तोंड उतरलं! "काहीच नाही?"

"काहीच नाही. राहा, काम कर, संसार कर."

"ताई, असं नका करू. एक तरी कागद द्या. सासरे म्हणतात, परदेशी माणूस आणि कागद नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे. सरकारी कागद दाखव, मगच सुपारी फोडू."

आता नसलेला कागद कुठून आणायचा? मी नियम छापून दिला. तो इंग्रजीत होता. सासऱ्यांनी परत पाठवला. म्हणाले, "ह्यावर शिक्का न्हाय."

शेवटी काळेकाकांनी बिष्णूला समोर बसवलं, त्याचं प्रतिज्ञापत्र मराठीत टाइप करून घेतलं आणि गोल शिक्का मारला. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: "मी नेपाळचा नागरिक असून मला भारतात राहण्यासाठी व्हिसाचा कोणताही कागद लागत नाही, याबद्दल हा कागद करून देत आहे."

सासऱ्यांचं समाधान झालं. लग्न झालं. तो कागद लॅमिनेट करून अजून मोमोजच्या गाडीवर लावलेला आहे. लोकांना वाटतं, खाण्याचं लायसन आहे!

* * *

इंदापूरचा प्रमोद साखर कारखान्याची मशिनरी बसवायला इंडोनेशियाला गेला आणि तिथं सुलास्त्रीच्या प्रेमात पडला. पोरगी इकडं आली, नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरलं. मी फॉर्म भरायला घेतला.

"पूर्ण नाव?"

"सुलास्त्री."

"पुढं?"

"सुलास्त्री."

मी प्रमोदकडं बघितलं. तो म्हणाला, "वैशालीताई, तिच्या देशात पुष्कळ लोकांचं एकच नाव असतं. वडिलांचं न्हाय, आडनाव न्हाय. पासपोर्टवरपण तेवढंच हाय."

मला फार नवल वाटलं. तिलाही माझं नवल. तिनं भिंतीवरची माझी पाटी बघितली. वैशाली संतोष जगताप. मोडक्या हिंदीत विचारलं, "ये तीन लोग हैं?"

मी सांगितलं, "नाही, एकच. वैशाली म्हणजे मी. संतोष म्हणजे नवरा. जगताप म्हणजे त्याचं घराणं."

तिनं बोटावर मोजलं. "मतलब आपका सिर्फ एक?"

"हो, तीनात एक."

ती स्वतःच्या पासपोर्टवर हात ठेवून म्हणाली, "मेरा पूरा मेरा!"

त्या दिवशी घरी जाऊन मी संतोषला हे सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

पण त्या लग्नाची खरी मजा पुढंच आहे. लग्नाची नोटीस नोंदणी ऑफिसच्या फलकावर लागली. तीस दिवसांत कुणाची हरकत असेल तर सांगायची असते. आणि हरकत आली! कुणाची? प्रमोदच्या सख्ख्या आजोबांची!

घरात रडारड. प्रमोदची आई मला फोनवर म्हणाली, "आबांना पोरगी पसंत न्हाय वाटतं. तोंडावर काय बोलले न्हाईत, आन् मागनं हे केलं." सुलास्त्रीनं तर बॅग भरायला काढली होती. प्रमोद, मी आणि काळेकाका धावत ऑफिसात गेलो. आबा साहेबांसमोर खुर्चीत ताठ बसलेले. साहेबांनी हरकतीचा कागद आमच्यापुढं धरला. त्यावर आबांच्या अक्षरात लिहिलं होतं:

"नोटिशीत मुलाच्या बापाचं नाव बाळू लावलं आहे. त्याला सगळा तालुका बाळासाहेब म्हणतो. माझी हरकत आहे."

प्रमोद म्हणाला, "आबा! ते शाळेच्या दाखल्यावरचं नाव हाय!"

"आसंल. पर ही नोटीस पोरीकडची माणसं वाचणार. परदेशातली माणसं हायती ती. त्येंनी काय समजायचं, आमी कोण?"

साहेब शांतपणे म्हणाले, "आबा, आधीचं लग्न झालंय का, वय बसतंय का, अशीच हरकत चालते. नावाच्या मानाची नाही चालत."

"मग मानपान कुठं करायचा?"

"लग्नात करा. इथं फक्त सह्या असतात."

आबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि प्रमोदला म्हणाले, "चल मग. नातसुनंला साडी घ्यायची राहिलीय."

* * *

मोरगावच्या बाजूची हौसाबाई माझ्या दुकानात प्रथम आली ती सुनेला घेऊन. सून फ्रान्सची, क्लेअर. हौसाबाईच्या विकासबरोबर तिकडं शेतीचं शिकायला होती. तिला बाजरीचं वेड! लग्न करून इथं आली, सासूबरोबर शेतात राबते, ऊन लागून लालबुंद होते, पण घरात बसत नाही.

क्लेअरला एकच विचारायचं होतं. "अर्धा एकर माझ्या नावावर घ्यायचा आहे. माझ्या पैशानं. कसं करायचं?"

मी तिला सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर तिला परदेशी भारतीय नागरिकाचं, म्हणजे ओसीआय कार्ड मिळू शकेल. त्यावर कायम राहता येईल, घरसुद्धा घेता येईल. पण शेतजमीन विकत घेता येणार नाही.

ती विकासकडं बघत राहिली. त्यानं मान खाली घातली. "मी रोज तिथं काम करते," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणून जास्त लागलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला कायदा सांगता येतो, पण त्याच्यापुढं काय बोलायचं ते कुठल्याच फॉर्मवर नसतं.

हौसाबाई सगळं ऐकत होती. मग मला म्हणाली, "जमीन न्हाय म्हंतीस. आन् शेळी?"

"काय?"

"शेळी नावावर करायला काय लागतं? नागरिक लागतो का?"

मी काळेकाकांकडं बघितलं. काका कोट झटकत उठले. म्हणाले, "शेळी कुणाच्याही नावावर होते. शेळीला देश नसतो."

हौसाबाईनं तिथंच स्टॅम्पपेपर घ्यायला लावला. बक्षीसपत्र. "माझ्या गोठ्यातली पांढरी शेळी, डाव्या कानावर काळा ठिपका असलेली, मी राजीखुशीनं माझ्या सुनेस देत आहे. सदर शेळीवर माझ्या मुलाचा हक्क राहणार नाही." शेवटचं वाक्य हौसाबाईनं स्वतःहून घालायला लावलं. विकास म्हणाला, "आई, माझं काय मधीच?" ती म्हणाली, "तू गप. कागद व्हायलाय."

क्लेअरनं तो कागद फ्रान्सला आईला पाठवला. आईचा फोन आला, तो तिनं मला ऐकवला आणि अर्थ सांगितला. आई विचारत होती, "तुझ्या सासूला माझ्याकडून काय पाठवू?"

हौसाबाईनं निरोप दिला, "काय नगं. बोकड हाय आमच्याकडं."

* * *

आता नसीमचाचींचं सांगते.

चाची कराचीहून लग्न होऊन बारामतीत आल्या. रशीद बागवानचाचा त्यांच्या आत्याचा मुलगा. चाचांचं बांगड्यांचं दुकान. चाची आल्या तेव्हा मी शाळेत होते. त्यांना मराठी येत नव्हतं. मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवून शिकल्या.

त्यांचा मुक्कामाचा व्हिसा असायचा, तो वेळोवेळी वाढवून घ्यायचा. त्या वेळी त्यांना नियम असा होता की नेमून दिलेल्या हद्दीतच राहायचं, बाहेर जायचं तर आधी अर्ज करायचा. कुठं जाणार, कशाला, कुणाकडं, कधी परत येणार. आणि मुलगी दिली नीरा नदीच्या पलीकडं, माळशिरस तालुक्यात नातेपुत्याला! एसटीनं काही फार लांब नाही. पण जिल्हा दुसरा.

ते अर्ज टाइप करायला चाची माझ्याकडं यायच्या. मी दुकान काढल्यापासूनच्या सगळ्या अर्जांचे विषय मला पाठ आहेत. मुलीचं बाळंतपण. नातवाचं बारसं. व्याह्यांचं दुखणं. पुन्हा मुलीचं बाळंतपण. परवानगी मिळायची, नाही असं नाही. पण एकदा नातवाला ताप आला आणि त्यांना त्या घटकेला निघायचं होतं. त्या माझ्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "बेटी, बुखार काय अर्ज करून येतो का?"

एकदा मी विचारलं, "चाची, सहज जावंसं वाटलं म्हणून कधी अर्ज केला नाही तुम्ही?"

त्या हसल्या. "कारणाच्या रकान्यात काय लिहिशील? 'सहज'?"

नागरिकत्वाचा अर्ज मीच भरला होता. त्याला वर्षं लागली. लग्नाचा दाखला, राहण्याचे पुरावे, तिकडचं नागरिकत्व सोडल्याचा कागद. तो कागद सही करताना त्यांनी माझ्याकडं पाणी मागितलं. म्हणाल्या, "तिकडं अम्मीची कबर आहे." पाणी प्यायल्या आणि सही केली.

शेवटी एके दिवशी पत्र आलं. शपथ घ्यायला चाचा आणि मुलगी बरोबर गेले. मी जाऊ शकले नाही. चाचा सांगत होते, पहिल्यांदा चाची पहिल्याच शब्दाला अडखळल्या, साहेब म्हणाले सावकाश घ्या, मग दुसऱ्यांदा घडाघडा म्हटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करते तर चाची पायरीवर उभ्या. नवी साडी, हातात कापडी पिशवी, आणि नेहमीची निळी फाइल.

मी मिठी मारली. म्हटलं, "मुबारक हो, चाची! पेढे कुठंयत?"

"आणते. आधी अर्ज लिही. मुलीकडं जायचंय, पलीकडं."

मला वाटलं, त्यांना कुणी नीट सांगितलं नाही. मी त्यांना खुर्चीत बसवलं. "चाची, आता अर्ज लागत नाही. कधीच लागणार नाही. तुम्ही कुठंही जाऊ शकता."

"मला माहीत आहे."

"मग?"

"तू लिही."

मी कॉम्प्युटर चालू केला. तोच जुना नमुना काढला. "विषय, जिल्ह्याबाहेर जाण्याची परवानगी मिळणेबाबत. किती दिवस?"

"ते मोकळं ठेव."

"कारण?"

"सहज."

मी तेच टाइप केलं. मग अर्जाच्या वरच्या ओळीवर गेले. "प्रति... चाची, कुणाच्या नावानं करायचा? आता हा कुणाकडं द्यायचा?"

त्या म्हणाल्या, "लिही. प्रति, नसीम रशीद बागवान."

मी वळून बघितलं. चाची अगदी गंभीर होत्या. मी लिहिलं. प्रिंट काढली. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळा अर्ज वाचला, अर्जदार म्हणून खाली सही केली. मग कागद फिरवून आपल्यासमोर नीट ठेवला, माझ्या टेबलावरचा लाल पेन उचलला, वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मंजूर', आणि त्याखाली पुन्हा सही केली.

कागद फाइलमध्ये घातला. फाइल पिशवीत.

"बेटी," त्या म्हणाल्या, "नातेपुत्याची एसटी किती वाजता आहे?"